वज्राच्या पुढचे दहा हात

पहिला दिवस, शनिवार : श्टुटगार्ट

माकूल, म्हणजे स्क्विड, साफ करायला मला चार मिनिटं लागतात. डोकं धरून हलकेच ओढलं की आतडी-कोथळा सगळं एका दमात बाहेर येतं. त्यालाच चिकटून शाईची पिशवी असते, चंदेरी काळी, इवलीशी. ती फुटू द्यायची नाही, नाहीतर मोरी, हात, गाऊन, सगळं काळं. मग नळीत बोट घालून आतली काडी ओढायची, ती प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक निघते. डोळ्यांच्या जरा पुढे सुरी लावून हात वेगळे करायचे आणि मधली चोच दाबून उडवायची. रत्नागिरीत चाळीस वर्षं हेच करत आले. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे ते वेगळं, पण माकूल मला मोरीवरच कळलं.

म्हणून लेकीने फोनवर सांगितलं, "आई, इकडे जवळच एका गावात अठरा कोटी वर्षांपूर्वीची माकुलं मिळतात, शाईसकट," तेव्हा मी पहिलं विचारलं, "साफ केलेली की अख्खी?"

ती हसली. पण आठवडाभर जे पाहिलं-वाचलं त्यात खरी भानगड याच प्रश्नाची निघाली.

लेक आणि जावई दोघंही मोटारींच्या धंद्यात. श्टुटगार्टमध्ये चाकणहून आलेली इतकी मंडळी आहेत की गणपतीला मोदकांच्या कळ्यांवरून वाद घालायला माणसं कमी पडत नाहीत. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, हे मला जावयाने विमानतळावरून घरी येतानाच सांगितलं. जावई पुण्याचा, पक्का शाकाहारी. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा सुकटीच्या वासाने अंगणात जाऊन बसला होता. आणि या सहलीचा सगळा आराखडा त्यानेच आखलेला! नात सात वर्षांची, शाळेला सुट्टी, त्यामुळे मागच्या सीटवर आम्ही दोघी.

पहिला मुक्काम रोझेनश्टाइन बागेच्या टोकाला, ल्योवेनटोअर म्हणजे सिंहद्वारापाशी असलेलं राज्याचं निसर्ग संग्रहालय. खालच्या दालनांतल्या अजस्र बेडूकतोंड्या प्राण्यांपुढे नात थांबली. मी थांबले ती एका मुशीपुढे.

मुशी म्हणजे हिबोडस, शार्कचाच प्रकार, दगडाच्या पाटीवर आडवा पडलेला, माझ्यापेक्षा लांब. कातडीचा काळपट ठसा दिसतो, पाठीवरचे दोन काटे दिसतात. आणि पोटात? पोटात पेन्सिलींचा गठ्ठा कोंबावा तशा टोकदार दगडी कांड्या, दोनशेच्या घरात. या कांड्या बेलेम्नाइटच्या. मुशीने बेलेम्नाइट गिळले, मऊ ते पचलं, कांड्या साठत गेल्या. त्यानेच ती मेली असावी असं बरेच जण मानतात.

बेलेम्नाइट हा माकलाचा लांबचा, कधीच नाहीसा झालेला भाऊबंद. डायनोसॉरांबरोबर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्यांचाही निकाल लागला. अंगाने माकलासारखाच, पण शेपटाकडे कॅल्साइटचा भरीव, टोकदार भाला. भाल्याच्या पुढच्या टोकात कप्प्याकप्प्यांचा एक शंकू, पोहताना अंग तोलायला. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्रफेस वाहून येतो ना, पांढरा, हलका, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो? तोही अशाच एका भाऊबंदाच्या अंगातला शंख. त्या भाऊबंदाने शंख हलका ठेवला, बेलेम्नाइटने मागे वजन बांधलं.

या कांड्या युरोपभर रगड सापडतात. जर्मनीत त्यांना डोनरकाइल म्हणतात, म्हणजे गडगडाटाची पाचर. वीज पडली की जमिनीत हे उरतं असं लोक समजत आणि घरावर वीज पडू नये म्हणून एखादी जपून ठेवत. "वज्रच की हे," मी म्हटलं. जावयाला हा शब्द इतका आवडला की पुढे सगळ्या प्रवासात तो त्यांना वज्रच म्हणत होता. बेलेम्नाइट हे नाव मात्र ग्रीक भाल्यावरून आलेलं. 1546 साली ते पुस्तकात घातलं गेऑर्ग अग्रिकोलाने, खाणशास्त्राचा तो आद्य पंडित.

भाला दगडाचाच, तो टिकणारच. हात, डोळे, मांस टिकलेला बेलेम्नाइट मात्र दुर्मीळ म्हणजे अगदी हाताच्या बोटांवर मोजावा असा. त्यातला एक याच संग्रहालयाच्या मालकीचा आहे. झुरिकचे क्रिस्टियान क्लूग आणि इथले ग्युंटर श्वाइगर्ट यांनी इतरांबरोबर 2021 मध्ये त्यावर लेख लिहिला. एकाच पाटीवर दोन प्राणी आहेत त्यात. बेलेम्नाइटचा भाला आहे, त्याचे हात आहेत, हातांत शेवंडासारख्या एका कवचधारी प्राण्याची कात किंवा उरलेसुरले तुकडे आहेत. पण हात आणि भाला यांच्या मधलं बहुतेक मांस नाही. अंदाज असा की बेलेम्नाइट जेवत असताना कोणा मोठ्या माशाने, कदाचित अशाच एखाद्या मुशीने, त्याला मधेच धरलं, मऊ भाग खाल्ला आणि दगडी शेपूट टाकून दिलं.

म्हणजे ही दुसरी मुशी शहाणी निघाली. काटा काढून खाणारी.

दुसरा दिवस, रविवार : होल्झमाडेन

उल्मच्या दिशेने महामार्गावर चाळीसेक किलोमीटर गेलं की आइशेलबेर्गला खाली उतरायचं. डावी-उजवीकडे श्वेबिश आल्बचे हिरवे कडे, पायथ्याशी सफरचंदांच्या बागा आणि मधेच जमिनीत करड्या पायऱ्या पाडल्यासारख्या खाणी. आमच्याकडच्या चिरेखाणी आठवल्या, फक्त लाल रंग काढून राखाडी भरायचा.

सकाळी ऊन चढायच्या आत खाणीत गेलो. इथे पर्यटकांसाठी हातोडी-छिन्नी भाड्याने देतात आणि सापडलेलं साधं काही घरी नेता येतं. पण हा सगळा परिसर 1979 पासून कायद्याने राखीव आहे. मौल्यवान काही निघालं तर सांगावं लागतं.

पहिला घाव घातला आणि मी हातोडी खाली ठेवली. "रॉकेलचा वास येतोय!"

खरंच येत होता. या दगडाला पोसिडोनिया शेल म्हणतात आणि त्यात तेल मुरलेलं आहे. 1862 च्या सुमाराला आल्विन हाउफ या भागात आला तो दगडातून तेल काढायलाच. तेलाचा धंदा चालला नाही. त्याचा मुलगा बेर्नहार्ड दगडातली जनावरं साफ करायला लागला आणि त्या गावाचं नाव जगात झालं. तेल आणि जनावरं, दोन्हींचं कारण मात्र एकच. अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, फार खोल नसलेला समुद्र होता. वर सगळं हलतं-बोलतं, तळाशी पाणी साकळलेलं, प्राणवायू जवळजवळ नाही. वरून मेलेलं काही खाली पडलं की ते कुरतडायला खेकडा नाही, उकरायला किडा नाही. बारीक चिखल हळूहळू वर बसत जातो. मोरीत टाकलेलं माकलाचं डोकं मांजराने उचललं नाही, कावळ्याने नेलं नाही, तर काय होईल त्याचं हे उत्तर.

पाटी उभी धरायची, कडेच्या रेघेवर छिन्नी ठेवायची, हलकेच ठोकायचं. वहीची पानं सुटावीत तसे थर सुटतात. जोर लावला की चुरा. जावई जोर लावत होता. लेक मोबाइलवर बोलत होती. नात आणि मी मात्र पंचेचाळीस मिनिटांत तीन अमोनाइट काढले, सगळे चपटे, रुपयाएवढे, जणू इस्त्री केलेले. अमोनाइट म्हणजे आमच्या सासूबाईंच्या देवघरातल्या शाळिग्रामाच्या पोटातला तोच चक्राकार जीव. तोही माकलाच्याच गोतातला. एकादशीला माकूल चालत नाही आणि त्याच्या चुलत्याला तुळस वाहायची, हे मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही.

चौथ्या पाटीत वज्र निघालं.

पूर्ण नव्हतं. माझ्या मधल्या बोटाएवढं, टोक शाबूत, रुंद बाजू तुटलेली. रंग जुन्या मधासारखा. तुटलेल्या तोंडावर बघितलं तर मधल्या एका बिंदूपासून बारीक रेषा चहूकडे गेलेल्या, सायकलच्या चाकाच्या आऱ्या जशा. त्यावर गोल वलयं. झाडाच्या खोडाची असतात तशी, वाढीची. ही वलयं वाचता येतात. 1951 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका बेलेम्नाइटच्या वलयांतले ऑक्सिजनचे प्रकार मोजले आणि सांगितलं की हा प्राणी लहानपणानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे जगला. आजवर दगडाकडून इतकं खासगी काही कोणी काढून घेतलं नसेल.

नातीने विचारलं, "आजी, याचं बाकीचं कुठेय?"

मी पाटीच्या पुढच्या भागावर बोट फिरवलं. तुटक्या टोकापुढे विताएवढी जागा होती. सपाट, करडी, कोरी.

दुपारी हाउफ संग्रहालय. बाहेर तळ्याकाठी डायनोसॉरचे पुतळे. लहान मुलं तिथेच रमतात, तशी आमचीही रमली, आणि जावई तिच्यापाशी राहिला. आत मी आणि लेक. बेर्नहार्ड हाउफने 1892 मध्ये पहिल्यांदा अशी इक्थिओसॉरची, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरड्याची, पाटी साफ करून दाखवली ज्यात कातडीची बाह्यरेषाही होती, पाठीवरचा पर आणि शेपटीचा वरचा पंखा. तोवर हाडांवरून काढलेल्या चित्रांत पाठीवरचा पर नव्हताच. एका भिंतीवर समुद्री लिलींचं, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचं, झुबकं लगडलेला ओंडका आहे, शंभर चौरस मीटरच्या आसपासची पाटी. ती साफ करायला हाउफला अठरा वर्षं लागली म्हणतात. मला माझ्या चार मिनिटांची लाज वाटली.

माझं लक्ष होतं लहान कपाटांकडे. तिथे ती माकुलं होती. काळसर अंगाची छाया, पाठीतली पानासारखी पातळ पट्टी, आणि त्या पट्टीच्या मध्याच्या जरा खाली एक काळाकुट्ट, तुकतुकीत गोळा. शाईची पिशवी. काचेवर नाक टेकवून पाहिलं. बाकी सगळं करडं, तपकिरी, कुठे कुठे नुसती सूचना. हा गोळा मात्र काळा म्हणजे काळा, कडेला बारीक तडे गेलेला, उन्हात वाळलेल्या चिखलाला जातात तसे. आणि जागा? नेमकी तीच, जिथे माझं बोट सुरी न लावता जातं. मी नकळत अंगठा आत वळवला. लेक म्हणाली, "आई, काच आहे."

जर्मन भाषेत या सगळ्या जातीला टिंटेनफिश म्हणतात. टिंटे म्हणजे शाई. शाईमासा. यांच्याइतकं सरळ नाव आपण का ठेवलं नाही कोण जाणे.

आता भानगड. होल्झमाडेनहून हातांसकट, मांसासकट बेलेम्नाइट जुन्या काळापासून संग्रहालयांत जात होते. हाताला आकड्यांच्या दुहेरी रांगा, मागे सुरेख भाला. पुस्तकांतली चित्रं त्यांच्यावरूनच काढलेली. 1979 मध्ये रीग्राफ आणि राइटनर या दोघांनी लेख लिहिला आणि मथळ्यातच सांगून टाकलं की ते बनावट आहेत. भाला नसलेल्या दुसऱ्याच एका जातीचे आकडेवाले हात, त्यांच्यामागे कुठूनतरी मिळालेला सुटा भाला, मधे लुकण आणि रंग. घेणाऱ्यालाही अख्खंच हवं असतं, विकणाऱ्यालाही अख्ख्याचेच पैसे मिळतात. आमच्या बाजारात कालच्या सरंग्याच्या गालफडाला लाल रंग लावून ताजा म्हणून खपवणारे पाहिलेत मी. धंदा तोच.

गंमत पुढे आहे. चार वर्षांनी त्याच राइटनरने उर्लिक्सबरोबर दुसरा लेख लिहिला, की हे घ्या, हे मात्र खरे. मांसल भागांसकट अस्सल बेलेम्नाइट. ज्याने बनावट पकडले त्यानेच खरे ओळखावेत, यात मला फार बरं वाटलं. काल सांगितलेली बेलेम्नाइटची पाटी या पार्श्वभूमीवर पुन्हा आठवून बघा. हात आणि भाला यांच्या मधलं मांस नाही, तरी ती अस्सल ठरते. मधे काही नसणं हा तिथे खोटेपणाचा नाही, जेवणाचा पुरावा आहे. माझा पहिला प्रश्न, "साफ केलेली की अख्खी", तो हाच.

तिसरा दिवस, सोमवार : घरीच

पाऊस. संग्रहालयं सोमवारी बंद. कालचे कपडे धुतले तरी रॉकेलचा वास जाईना, म्हणून पुन्हा धुतले.

दुपारी जावयाने त्याच्या संगणकावर दोन-तीन लेख काढून दिले. एका गोष्टीने मी उठून बसले. आजच्या बऱ्याच माकुलांच्या अंगात तरंगायला मदत म्हणून अमोनिया साठवलेला असतो. मांसाचा जीवाश्म व्हायचा तर कुजताना आजूबाजूला थोडा आंबटपणा लागतो, तेव्हा मांसाच्या जागी फॉस्फेट बसतं. अमोनिया तो आंबटपणा मारतो. म्हणून खरी माकुलं दगडात क्वचितच मांसासकट मिळतात. कपाटातल्या ज्यांना मी माकूल म्हणत होते, ते लोलिगोसेपिया वगैरे, नावात लोलिगो आणि सेपिया दोन्ही असूनही माकूल नव्हेत. ते ऑक्टोपसच्या आणि खोल समुद्रातल्या त्या लालकाळ्या, छत्रीसारख्या व्हॅम्पायर स्क्विडच्या बाजूचे. नाव ठेवणारेही मोरीवरून नव्हे, चेहऱ्यावरून फसले.

शाईचं मात्र वेगळं. ती मेलॅनिनची, आपल्या केसांत असतं तेच कुळ. 2012 मध्ये सोळा कोटी वर्षांहून जुन्या शाईच्या पिशवीतलं मेलॅनिन तपासलं, तर आजच्या समुद्रफेसवाल्या सेपियाच्या शाईशी ते रासायनिकदृष्ट्या जुळलं. त्याआधी 2009 मध्ये इंग्लंडच्या विल्टशरमध्ये फिल विल्बीच्या चमूने बेलेम्नोथ्यूटिस नावाच्या प्राण्याची अशी पिशवी फोडली, पूड अमोनियाच्या द्रावणात कालवली आणि त्याच शाईने त्याच प्राण्याचं चित्र काढलं. मांस टिकू न देणारा अमोनिया इथे शाई विरघळवायला आला.

नातीने ऐकलं आणि आपलं वज्र मागितलं. मी दिलं नाही, पाटी फुटेल म्हणून. रुसली.

चौथा दिवस, मंगळवार : झोल्नहोफेन

सकाळी लवकर निघालो. वाटेत न्योर्डलिंगेन लागतं, तटबंदीतलं गोल गाव, जे चोवीस किलोमीटर रुंद उल्काविवरात वसलेलं आहे. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं. जावयाला उतरून मनोऱ्यावर चढायचं होतं. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. कॉफी पिऊन पुढे.

आल्टम्युल नदीचं खोरं सुंदर आहे आणि त्यात सगळंच दगडाचं. घरांची छपरंसुद्धा पातळ चुनखडीच्या फरश्यांची, कौलं नाहीत. हा दगड फिका, बिस्किटाच्या रंगाचा, पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या खारट, निवांत खाजणांत बसलेला. होल्झमाडेनहून तीन कोटी वर्षांनी अलीकडचा.

गावात आलोइस झेनेफेल्डरचा पुतळा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी याने शिळाछपाईची युक्ती काढली. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईने काढायचं, दगड ओला करायचा, पाणी जिथे नाही तिथेच शाई धरते. त्यासाठी लागणारा एकसारखा, निर्दोष दगड जगभर इथूनच जायचा. मी पुतळ्यासमोर उभी राहून आजोबांच्या पडवीतली लक्ष्मी आठवत होते, कमळात उभी, मागे हत्ती, खाली बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेस. तो प्रेस 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातला जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर याने नंतर तो विकतच घेतला. कोकणातल्या घराघरांतले देव ज्या दगडावर उमटले त्या दगडाच्या गावी मी माकूल बघायला आले होते.

संग्रहालयात आर्किओप्टेरिक्सभोवती गर्दी. पिसांचा पक्षी, 1861 पासून प्रसिद्ध. घ्या पाहून. मी प्लेसिओथ्यूटिसपाशी, माकलाच्या गोतातल्या एका प्राण्यापाशी, गेले.

अंगाने सडपातळ, लांबट. मधोमध बाणासारखी सरळ पट्टी. दोन्ही बाजूंना अंगाचं मांस, आणि त्यावर आडव्या बारीक रेघा. जवळ जाऊन पाहिलं, ते स्नायूंचे पट्टे. माकलाची नळी कापून उघडली की आतून जी आडवी वीण दिसते आणि ज्या दिशेने कापलं तर शिजल्यावर चिवट होतं, तीच वीण. होल्झमाडेनला शाई होती, छाया होती. इथे मांसाचा पोतही होता. कोणत्या बाजूने सुरी घालायची हे मी पंधरा कोटी वर्षांनी सांगू शकले असते.

याच जातीची एक पाटी झुरिकच्या संग्रहात आहे. तिच्यावर 2020 मध्ये लेख आला. त्या प्राण्याच्या अंगात ऱ्हाम्फोऱ्हिंकस या उडत्या सरड्याचा दात रुतून तुटलेला आहे. खंड्यासारखी झडप घातली असणार, भक्ष्य निसटलं, दात गेला. हे सांगितल्यावर नातीने, जिचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेत, बराच वेळ तोंड मिटून धरलं.

पाचवा दिवस, बुधवार : ब्लुमेनबेर्ग

आइश्टेटजवळची हौशी लोकांची खाण. ऊन मरणाचं, पांढऱ्या दगडावरून डोळ्यांत. तासाभरात मी ओरडले, "नेचा सापडला!" नाजूक, काळा, फांद्याफांद्यांचा. शेजारच्या आजोबांनी बघितलं आणि हसून मान हलवली. मँगनीजची खनिजं भेगेत झिरपून अशी नक्षी काढतात. वनस्पतीचा त्यात अंशही नाही. जीवशास्त्राच्या बाई फसल्या. लेकीने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. बाकी कोळ्यासारखी पसरलेली छोटी समुद्री लिली, साक्कोकोमा, डझनभर. इथे ती जिथे तिथे आहे.

माकूल नाही. परत.

सातवा दिवस, शुक्रवार : मोरी

गुरुवारी नुसती झोपले.

शुक्रवारी सुपरमार्केटात गेले तर माकुलं मिळाली, गोठवलेली, पांढरीशुभ्र, नुसत्या नळ्या. डोकं नाही, हात नाही, काडी नाही, शाई नाही. वज्रच म्हणायचं की, फक्त मऊ. मी पुडकं परत ठेवलं. लेक म्हणाली तुर्की माणसाच्या मासळीच्या दुकानात अख्खी मिळतील. मिळाली. जावयाने सांगितलं की त्याला ऑफिसात उशीर होईल, आणि खिडक्या उघड्या ठेवा.

नात स्टुलावर चढून सिंकपाशी उभी राहिली. मी डोकं ओढलं, सगळं बाहेर आलं. हात मोजले, आठ आखूड आणि दोन लांब. "बेलेम्नाइटचे दहाही सारखेच होते," मी म्हटलं, "आणि चिकटणाऱ्या वाट्यांऐवजी आकडे." काडी काढून तिच्या हातात दिली. तिने ती उजेडापुढे धरून पलीकडचं झाड बघितलं. मग मी शाईची पिशवी अलगद सोडवून बशीत ठेवली आणि सुईने टोचली. थेंबभर पाणी घातलं.

तिने तिचा रंगाचा ब्रश आणला. आणि या वेळी मी पाटी काढून दिली.

वज्राच्या तुटलेल्या टोकापासून तिने सुरुवात केली. जिथे दगड कोरा होता तिथून अंगाच्या दोन रेघा पुढे नेल्या, थोड्या थरथरत्या. एक मोठा डोळा. मग जीभ बाहेर काढून एकेक हात. शाई ओली असताना तपकिरी वाटत होती, वाळली तशी काळी होत गेली. मी माकूल धुऊन हळद-मीठ लावलं, लसूण ठेचली, परत येऊन मोजलं.

"नऊच झाले की गं."

तिने ब्रश पाटीच्या कडेपर्यंत नेला, थांबवला आणि म्हणाली, "दहावा बाहेर गेलाय, आजी. तो दुसऱ्या दगडात असेल."